माळकोंडच्या देवळात 'येतो' म्हणत नाहीत

१

माणसानं विश्वास कुणावर ठेवावा, सांगा बघू? डोळ्यावर की कानावर? घाई करू नका. भले भले 'डोळ्यावर' म्हणून मोकळे होतात आणि मग किडकी सुपारी पदरात बांधून घरी जातात.

हरीशेट शेट्ये कानावर ठेवत. रत्नागिरीच्या बाजारात नारळ-सुपारीचे व्यापारी पुष्कळ होते, पण गोटा खोबऱ्यातला त्यांच्यासारखा जाणता दुसरा नव्हता. गोट्याचं कसं असतं, नारळ सोलायचा नाही, फोडायचा नाही, माळ्यावर टाकून विसरून जायचं. महिन्यांमागून महिने जातात, आतलं पाणी आपलं आपण आटतं, खोबरं करवंटीपासून सुटतं आणि नारळ हलवला की आत खुळखुळायला लागतं. बाहेरून सगळे सारखेच. कुठला तयार, कुठला कच्चा, कुठला आतून नासलेला, ते एक आवाज सांगतो. शेट नारळ कानाशी धरत, मनगटाला एक झटका देत, की झाला निकाल.

भाट्याच्या धोंडू बागवानानं एकदा पैज लावली. शेटना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि पाठीमागून एकेक नारळ हलवत गेला. शेट सांगत गेले, "तयार... कच्चा... हा टाकून दे." मध्येच धोंडूनं लबाडी केली. नारळ ठेवला आणि बायकोचा कुंकवाचा करंडा हलवला. शेट वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "धोंडू, हा आत नेऊन ठेव, वहिनी शोधत असतील. आणि झाकणाची फिरकी सैल झालीय, सांडेल."

नाव हरिश्चंद्र आणि पेशा व्यापाऱ्याचा, यावरून बाजारात थट्टा चाले. शेट हसून म्हणत, "अरे, त्या राजाचं सगळं गेलं ते बोलण्यापायी. मी कमी बोलतो." हे मात्र खोटं. शेट बोलत भरपूर. आणि त्यांच्या बोलण्यातला सगळ्यात जास्त वापरलेला शब्द म्हणजे 'येतो'.

निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, घरच्यांनी 'या' म्हणावं, हे आपल्याकडे रांगत्या पोरालाही ठाऊक असतं. पण शेटना त्याचं व्यसनच होतं. गिऱ्हाइकाला येतो, भांडून उठले तरी येतो. गोठ्यातल्या म्हशीला येतो. एकदा उन्हाचे एका फणसाखाली टेकले होते, उठताना त्या फणसाला म्हणाले, "येतो रे." गाडीवाला केरू हसून लोळला होता.

एवढं लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट या एका शब्दावर उभी आहे.

२

उमा ही शेटची एकुलती एक लेक. दापोलीकडे दिलेली. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला माहेरी आली आणि बोटीनं परत निघाली. बोट काही धक्क्याला लागत नाही, लांब खोल पाण्यात उभी राहते आणि उतारूंना पडावातून तिथवर नेतात, हे तुम्हाला माहीत आहेच. शेट बंदरावर पोचवायला गेले. उमा पडावात बसली, हिरवी पत्र्याची पेटी पायाशी ओढून घेतली आणि वर बघून म्हणाली, "येत्ये हं, बाबा?"

तिची ही लहानपणापासूनची तऱ्हा होती. त्यातला 'हं' ती असा वर ओढायची, की निरोप घेण्याऐवजी परवानगी मागतेय असं वाटावं. परवानगी दिल्याशिवाय हलायचीही नाही.

"ये हो, बाळ," शेट म्हणाले.

पडाव अर्ध्यावर गेला आणि लाट आडवी लागली. माणसं कुठं ना कुठं किनाऱ्याला लागली, काही जिवंत, काही नाहीत. उमेची पेटी भाट्याच्या वाळूत सापडली, कुलूप जसंच्या तसं. उमा सापडली नाही.

पेटी घरात आली आणि काशीबाईंनी, उमेच्या आईनं, ती माजघरात भिंतीशी ठेवली. उघडू दिली नाही. "तिची आहे. ती आली की उघडील." संध्याकाळी दिवा लावल्यावर दाराला कडी घालायची नाही, हा त्यांचा दुसरा नियम. भटजींनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, देह मिळाला नाही तर दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, मग त्या जिवाची वाट मोकळी होते. काशीबाई ऐकून उठून गेल्या. आत जाऊन म्हणाल्या, "येत्ये म्हणून गेलीय ती. तुमच्यासमोर म्हणाली ना? मग?"

शेट तिला परोपरीनं समजावत. शहाणा माणूस, चार गावचा व्यवहार बघणारा. समुद्र काय असतो ते त्यांना समजत होतं. पण रोज संध्याकाळी उघड्या दाराकडे बघत जेवणारी बायको बघितली, की घास फिरायचा. ती वाळत चालली होती. रात्री वाऱ्यानं दार हललं तरी उठून बसायची. हिचं असंच चाललं तर हीपण जाईल, ही भीती त्यांना लागून राहिली होती.

आणि मग यंदाच्या दिवाळीनंतर एका सकाळी, भाकरी थापता थापता, मान वर न करता काशीबाई म्हणाल्या, "भटजींना दिवस विचारा."

मार्गशीर्ष अमावास्या ठरली. भटजींनी सामान सांगितलं. दर्भ, पळसाची पानं, काळे तीळ. "आणि पुतळ्याच्या डोक्यासाठी नारळ."

"नारळ मी बघतो," शेट म्हणाले. सवयीनं म्हणाले. वाक्य पुरं झाल्यावर त्यांना कळलं आपण काय म्हटलं ते.

३

अमावास्येला थोडे दिवस होते. शेट सुपारीच्या खरेदीला निघाले. खाडीनं होडीतून वर, तिथून केरूची बैलगाडी. माळकोंड हे त्या वाटेवरचं शेवटचं गाव.

जुनं देऊळ दिसलं की गाडी थांबवायची, ही शेटची आवड. शाळेत चार बुकंही शिकले नव्हते, पण कुठला दगड कुठून आणलेला, कुठल्या खांबाला कुणाचा हात लागलाय, ते चुकत नसत. माळकोंडच्या वरच्या सड्याखाली, त्या उघड्या कातळाच्या माळाखाली, एक पडकं देऊळ आहे हे ऐकून होते, जाणं झालं नव्हतं. त्या दिवशी काम दुपारीच आटपलं.

"बघायचा तर बघा," केरू गाडी झाडाखाली घेत म्हणाला. "पन निगताना 'जातो' म्हना."

"काय?"

"हितं 'जातो' म्हनतात. 'येतो' नाय."

"अरे, देवाच्या दारातनं निघताना जातो म्हणू? आई असती तर कानफटात दिली असती."

"आमी तसाच म्हनताव."

"पण का?"

"का म्हंजे? आमचा आजा म्हनायचा, बापूस म्हनायचा. तुमी टोपी का घालताव, शेट?"

शेट हसले आणि आत गेले.

देऊळ फार मोठं नव्हतं. खाली जांभ्याचा चौथरा, वर काळ्या दगडाचे खांब. मंडपाचं छत केव्हाच पडलेलं, गाभाऱ्यावरचं तेवढं शाबूत. पिंपळाची मुळं भिंतीतून अशी उतरलेली की भिंत मुळांना धरून आहे की मुळं भिंतीला, ते सांगता येऊ नये. गाभाऱ्यात मूर्ती नव्हती. मूर्तीच्या जागी दगडात एक चौकोनी खळगा, त्यात पाणी. मंडपाच्या दोन्ही बाजूंना बसायचे लांब दगडी कट्टे. उजेड पानांतून गळून खाली पडत होता. पक्षी नव्हता. मंडपाच्या फरशीवर पाचोळ्याचा घोटाघोटा थर साचलेला.

शेट खांब बघत फिरले. एका खांबावरच्या नर्तकीचं नाक कुणी तरी घासून घासून सपाट केलं होतं, त्याची गंमत वाटली. मग दमून कट्ट्यावर टेकले आणि हात फिरवला. कट्टा गुळगुळीत होता. पान नाही, धूळ नाही, शेवाळ नाही. समोरच्या कट्ट्याकडे बघितलं, तोही तसाच. खाली एवढा पाचोळा आणि कट्ट्यांवर एक काडी नाही. वारा वाहून नेत असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. पण वारा पडलेला होता. आणि तो गुळगुळीतपणा त्यांच्या ओळखीचा होता. बंदरावर बोटीची वाट बघत माणसं बसतात ना, तिथले दगड असे झालेले असतात. वर्षानुवर्षं बसून.

उठावं असं वाटलं. उठले. दारापर्यंत आले, वळले, आणि जिभेनं आपलं काम केलं.

"येतो हं."

आतून उत्तर आलं.

"येत्ये हं, बाबा?"

४

शेटनी आधी बाहेर बघितलं, केरू बैलांपाशीच होता.

मग व्यापारी डोकं चालू झालं. घुमलं असेल. दगडी गाभारा, वर कमान, आवाज घुमतोच. येतो म्हटलं, येत्ये ऐकू आलं, फरक तो केवढा. 'बाबा' आपल्या मनानं जोडलं. दुःखी माणसाचं मन जोडतं.

बरं, घुमतं का बघू. शेटनी गाभाऱ्याकडे तोंड करून मोठ्यानं "ओ" म्हटलं. आवाज पाचोळ्यात पडला आणि तिथंच राहिला. "कोण आहे?" काही नाही. टाळी वाजवली. काही नाही. ते देऊळ घुमत नव्हतं. कापसाच्या गोदामात बोलावं तसा आवाज विरत होता.

"जातो," शेट हलकेच म्हणाले. तरीही काही नाही.

राहता राहिला एकच शब्द. तो पुन्हा म्हणून बघायची त्यांची छाती झाली नाही.

बाहेर केरू बैलांना पाणी दाखवत होता. त्यानं शेटच्या तोंडाकडे बघितलं आणि बादली खाली ठेवली. "काय बोल्लाव?"

"कुठं काय."

"खरा सांगा, शेट. काय बोल्लाव निगताना?"

शेटनी टोपी सारखी केली. केरूनं कपाळाला हात लावला. "फनसाला म्हनताव, म्हशीला म्हनताव. मी सांगून पन!"

परतताना पाण्यासाठी सखूच्या घरी थांबले. सखू ही माळकोंडची कुणबीण, हिच्याच घरची सुपारी शेट दरसाल घेत. तिनं गूळपाणी आणून ठेवलं. केरूनं तिला खुणेनं काय सांगितलं कोण जाणे, ती दाराशी टेकून बसली.

"कुनाचा आवाज आला?"

शेटनी तांब्या खाली ठेवला. "लेकीचा."

"माज्या रामाचा आलेला," सखू म्हणाली. "माजा ल्योक. ममईस गेला गोदीत कामाला, 'येतो गं आये' म्हनून. पत्र नाय, पैसा नाय, मानूस नाय. वाट बघून माजी हाडा उरली. येक दिस देवळात लाकडा-फाटी येचाया गेलेली, त्याचा नाव घेतला आनि आतनं बोलला. जसाच्या तसा. 'येतो गं आये.'"

"मग?"

"मग काय? मी म्हटला, 'जा.'"

"एवढंच?" शेट म्हणाले.

"येवडाच," सखू म्हणाली. "निगताना मानूस म्हनतो येतो, आपन म्हनतो ये. त्यो आपल्या शब्दाला बांधल्यागत थितं बसून ऱ्हातो, पुढं जाईना, मागं येईना. कुनी तरी जा म्हनाया लागतो. लई कठीन शब्द, शेट. लेकराला जा म्हनाया तोंड उघडत नाय. पन त्या दिसापासनं मला भाकर ग्वाड लागाया लागली."

सांगताना तिचा आवाज हलला नाही. उठून तिनं रिकामा तांब्या उचलला आणि नेहमीसारखं विचारलं, "औंदा सुपारीस भाव काय धरताव?"

५

घरी आल्यावर सांगायचं नाही असं शेटनी ठरवलं होतं. चार दिवसांवर विधी आलेला, बायको कशीबशी मनाची तयार झालेली. आता तिला सांगायचं, की लेकीचा आवाज आला? पुन्हा दार उघडं, पुन्हा घास फिरणं. आणि न सांगावं, तर पुतळा जाळायचा कुणाचा? कानानं आजवर दगा दिला नव्हता.

काशीबाईंनी पान वाढलं, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "काय ऐकून आलात?"

"ऐकून?"

"दुसऱ्यांदा भात घातला, तुमचं लक्ष नाही. मान अशी कलती धरून बसलाय, नारळ कानाशी धरल्यासारखी."

शेटनी सगळं सांगितलं. सखूचंही. काशीबाई रडल्या नाहीत. ताटावरची माशी हाकलत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला न्या."

"नेतो. पण काय म्हणायचं ते मी म्हणेन. तू बोलू नकोस."

शेटना भीती तिचीच होती. दोन वर्षं दार उघडं ठेवणारी आई, लेकीचा आवाज ऐकला की 'ये' म्हणणारच. वाटेत होडीत बसल्या बसल्या त्यांनी तो शब्द मनात घोळवला. जा. काय आहे त्यात? दिवसातून शंभरदा म्हणतो. जा रे, पाणी आण. जा, हमालाला हाक मार. एक अक्षर, एक काना.

देवळाशी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. केरू गाडीपाशीच थांबला. "जातो म्हना," तो एवढंच म्हणाला, आणि तोंड फिरवून बसला.

दोघं उंबऱ्यावर उभे राहिले. आत तसंच सगळं. पाचोळा, खांब, नाक नसलेली नर्तकी. शेटनी घसा खाकरला. काय म्हणून सुरुवात करावी ते समजेना. त्यांच्या आधी काशीबाईंनी हाक मारली. चुलीपाशी बसून माजघरातल्या मुलीला मारावी तशी, साधी.

"उमे."

ऊन त्या क्षणाला ढगाआड गेलं असेल. किंवा डोळे पाण्यानं भरले असतील. शेटनी पुढे स्वतःला हे पुष्कळदा सांगितलं. कट्ट्यांवर माणसं बसली होती. दोन्ही बाजूंना, खांद्याला खांदा लावून, सगळ्यांची तोंडं गाभाऱ्याकडे. बोटीला उशीर झाला की उतारू कसे बसतात, कुणी बोलत नाही, कुणी उठत नाही, तशी. प्रत्येकाच्या पायाशी काही ना काही. गाठोडं, वळकटी, पिशवी, एकाच्या पायाशी कोंबडा बांधलेली टोपली. कडेला बसलेल्या एकीच्या पायाशी मात्र काही नव्हतं. ती खाली वाकून, या बाजूला, त्या बाजूला, हातानं चाचपून बघत होती.

चेहरा दिसला नाही. दिसायची गरज नव्हती. हिरवी पेटी घरी माजघरात होती.

ती चाचपायची थांबली. उठून उभी राहिली.

"येत्ये हं?"

काशीबाईंनी दाराची चौकट धरली. "जा, बाळ," त्या म्हणाल्या. स्पष्ट, शांत, सासरी पाठवताना पदर सारखा करावा तशा आवाजात. "जा."

आणि त्याच क्षणी, त्याच श्वासात, शेटच्या तोंडातून निघालं, "ये हो, बाळ."

उभी होती ती गाभाऱ्याकडे अर्धवट वळली. थांबली. पुन्हा दाराकडे वळली. पुन्हा थांबली. एका घरात दोन मोठ्या माणसांनी दोन गोष्टी सांगितल्यावर मूल जसं उभं राहतं, तसं.

मग ऊन परत आलं. कट्टे रिकामे होते.

परतीची गाडी उतरणीला लागली. खाडी दिसायला लागली तेव्हा काशीबाई म्हणाल्या, "तुम्ही 'ये' म्हणालात."

"तोंडातून गेलं. सवय आहे."

"दोन वर्षं मी ये ये करत दाराकडे बघत बसले, तेव्हा तुम्ही मला शहाणपण शिकवत होतात. मी शिकले हो. तुमचंच राहिलं."

६

अमावास्येला विधी झाला. खाडीच्या काठी भटजींनी दर्भ बांधला, पानं रचली. हात झाले, पाय झाले. मग हात पुढे केला. "नारळ."

शेटनी आदल्या दिवशी माळ्यावर बसून तो निवडला होता. शेकड्यांनी नारळ, त्यातून एक. सोललेला, शेंडी राखलेला, भरीव. वाजवून घेतला नव्हता. या एका नारळाला कानाशी धरायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं.

पण हातातून हातात देताना मनगट आपलं आपण वर गेलं. इतक्या वर्षांचं वळण ते. नारळ कानाशी आला. एक झटका.

काशीबाई बघत होत्या. शेटचा चेहरा आधी रिकामा झाला, मग कुणी तरी आतून परवानगी मागितल्यासारखा. मान कलती राहिली. नारळ कानापासून दूर होईना.

"शेट," भटजी म्हणाले.

"भटजी, दुसरा नारळ चालेल?"

"संकल्प झालाय. आणलेला बदलत नाहीत. खराब आहे का?"

"नाही, खराब नाही," शेट म्हणाले. "तसं नाही."

"मग द्या."

त्यांनी दिला. भटजींनी तो दर्भाच्या मानेवर ठेवला. शेटनी अग्नी दिला आणि धूर डोळ्यांत जात असतानाही हलले नाहीत. नारळ तापला की तडकतो, मोठा आवाज होतो, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. शेटनी त्याआधी दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून धरले. लोकांना वाटलं, बापाचं काळीज.

नारळात काय ऐकलं, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. काशीबाईंनी विचारलंही नाही.

७

त्या दिवसापासून काशीबाई दिवा लावल्यावर दाराला कडी घालू लागल्या. त्यांना झोप लागू लागली. चेहऱ्यावर थोडं रक्त आलं. शेटना जे हवं होतं, ते झालं होतं.

शेटचं उलटं झालं. दुकानात माल यायचा, गोण्या उघडायच्या, शेट लांब बसायचे. "तूच बघ," मुनिमाला म्हणायचे. नारळाला हात लावेनात. धोंडू बागवान मुद्दाम पुन्हा पैज घेऊन आला, यांना जरा हसवावं म्हणून. शेट हसले, त्याला चहा पाजला, पैज नाही घेतली. आणि 'येतो' म्हणायचे बंद झाले. उठायचे, हात जोडायचे, चालू लागायचे. बाजारात लोक म्हणत, शेटना ताठा आला. ताठा कसला. माळकोंडला एक 'येतो' देऊन ठेवला होता, त्यावर आणखी घालायचे नव्हते.

फाल्गुनात एका सकाळी काशीबाई माजघरात आल्या, तर शेट बाहेर जायचे कपडे करून उभे आणि खांद्यावर हिरवी पेटी.

"कुठं निघालात?"

"माळकोंडला."

"सुपारी झाली की घेऊन."

"सुपारीचं नाही."

"मग पेटी कशाला?"

"तिच्या पायाशी काही नव्हतं," शेट म्हणाले. "तू बघितलंस ना?"

काशीबाईंनी बघितलं होतं. अडवावं, ओरडावं, शेजारच्या यमुनाबाईला हाक मारावी, सगळं मनात आलं असणार. मग त्यांनी पदराचं टोक घेतलं आणि पेटीवरची धूळ पुसली. कोपरे पुसले. कुलूप हलवून बघितलं.

"जड होईल तुम्हाला."

"गाडी आहे केरूची."

शेट ओटीवर आले. चपला घातल्या. वळून बघितलं. सवयीचा शब्द ओठापर्यंत आला असावा, कारण ओठ हलले आणि मिटले. मग उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, हरीशेट शेट्ये आपल्या दारात उभे राहून म्हणाले, "जातो."

"असं म्हणू नये," काशीबाई पुटपुटल्या.

"असंच म्हणावं. तुझं दार उघडं राहायला नको."

केरू सांगतो ते एवढंच. देवळाशी गाडी लावली तेव्हा दुपार होती. शेटनी पेटी स्वतः उचलली, त्याला हात लावू दिला नाही. उंबरा ओलांडताना ते मोठ्यानं म्हणाले, कामावरून घरी आलेला माणूस दारातून म्हणतो तसं, "आलो गं." केरूनं उन्हं उतरेपर्यंत वाट बघितली. दोनदा हाक मारली. शेवटी तिथूनच, आत न बघता, तो म्हणाला, "जातो, शेट." आणि बैल वळवले. दुसऱ्या दिवशी गावची माणसं गेली तर आत पाचोळा होता आणि कट्टे स्वच्छ होते. शेट नव्हते, पेटीही नव्हती.

काशीबाईंनी वाट बघितली नाही. माणूस 'जातो' म्हणून गेला होता. संध्याकाळी दिवा लागतो, कडी पडते. यमुनाबाई मात्र सांगतात, कडी घालताना त्यांचा हात जरा थांबतो. कान देतात. मग घालतात.

आता तुम्हीही उठाल. उठताना काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मी सांगणार नाही. माझी विनंती एवढीच. पैशाचा हिशेब कुणीही ठेवतं, त्यात काय मोठं. दारातून निघताना कुणाला काय म्हणालात, आणि दारातून निघणाऱ्याला काय म्हणालात, तो हिशेब तेवढा प्रामाणिकपणे ठेवा. त्यात खोट घालू नका. पलीकडचं माणूस तुमच्या शब्दावर बसून असतं.